जुन्या मोटारींचा ऑनलाइन लिलाव : कारागिराने कोठे थांबावे?

जुन्या मोटारींचा धंदा हा पिढ्यान्‌पिढ्या आपल्या लोकांच्या हातचा धंदा आहे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड घ्या किंवा चोरबाजारातील मटन स्ट्रीट घ्या. पत्रा ठोकणारे, रंग मारणारे, गादीकाम करणारे, गिअरबॉक्स उघडून पुन्हा जोडणारे मिस्त्री तेथे मोठ्या संख्येने मुसलमान आहेत. याच कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट आणि पुढे तिचीच प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. त्या गाडीची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ अखेर कायद्याने निवृत्त झाली. पण टॅक्सी गेली म्हणून गाडीची ओढ गेली नाही. उलट, जी गाडी काल भंगाराच्या भावाने जात होती तिला आज हौशी गिऱ्हाईक शोधत फिरते.

ही ओढ वाढली तशी खरेदीची रीतही बदलली. पूर्वी गाडी पाहायला माणूस आपल्या पायाने जात असे. बॉनेट उघडत असे, पत्र्यावर बोटाने टकटक करून आवाज ऐकत असे, मालकाच्या घरी चहा घेत असे आणि मग भाव बोलत असे. आज मोबाइलवर दहा-बारा फोटो येतात, खाली घड्याळ उलटे चालू असते आणि आकडा दर मिनिटाला वाढत असतो. बंद पडलेली, अर्धी उघडलेली, सुटे भाग खोक्यात भरलेली गाडी घेऊन ती पुन्हा उभी करावयाची, या प्रकाराला हौशी लोक 'प्रोजेक्ट कार' म्हणतात. अशा गाड्या आणि त्यांचे सुटे भाग आता ऑनलाइन लिलावात निघतात, आणि आपले तरुण मिस्त्री त्यात उत्साहाने बोली लावू लागले आहेत.

उत्साह चांगला आहे. पण एक गोष्ट स्पष्टपणे सांगण्याची वेळ आली आहे. या लिलावात आपला कारागीर कारागिरासारखा उतरत नाही, सट्टेबाजासारखा उतरतो. त्याची खरी पुंजी म्हणजे हाताची पारख. ती घरी ठेवून तो उसनवारीचा पैसा घेऊन जातो. आणि जे चार लोक या बाजारात मुरले आहेत, त्यांच्यापैकी काहींनी बोलीच्या धंद्यात अशा खोडी आणल्या आहेत की त्यांची कमाई हलाल राहिली की नाही, याचाच प्रश्न पडावा. या दोन्ही बाजूंचा विचार येथे करावयाचा आहे.

लिलाव जायज आहे, पण वस्तू डोळ्यांसमोर होती

प्रथम एक शंका दूर करू. काही भाविक बंधू विचारतात की, एकाने भाव सांगितल्यावर दुसऱ्याने त्यावर भाव वाढवावा, हे योग्य आहे काय? भावाच्या सौद्यावर सौदा करू नये अशी शिकवण आहे ना? शिकवण खरी आहे. पण ती सौदा ठरल्यानंतरची आहे. लिलावात हातोडा पडेपर्यंत सौदा ठरलेलाच नसतो. म्हणून चढत्या बोलीने विकणे जायज आहे, असे फुकहांनी सांगितले आहे.

याचा आधार म्हणून एक प्रसंग सांगितला जातो. तो ह. अनस (र.) यांच्याकडून अबू दाऊद यांच्या संग्रहात आला आहे. एक गरजू अन्सारी मदत मागण्यास आला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच्या घरी काय आहे ते विचारले. अंथरण्या-पांघरण्याचे एक जाड कापड आणि पाणी पिण्याचे एक भांडे, एवढेच होते. ते मागवून आपण ते हातात घेतले आणि कोण घेतो असे विचारले. एकाने एक दिरहम सांगितला. आपण आणखी कोण देतो असे दोन-तीनदा विचारले, तेव्हा दुसऱ्याने दोन दिरहम दिले. त्या दोन दिरहमांपैकी एकाचे अन्न घरी गेले व दुसऱ्याची कुऱ्हाड आली. कुऱ्हाडीला दांडा आपण स्वतःच्या हाताने बसवला आणि त्या माणसाला लाकडे तोडून विकण्यास पाठविले. पंधरा दिवसांनी तो दहा दिरहम कमावून आला.

आपल्या मिस्त्री बंधूंनी या प्रसंगातील तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, वस्तू सर्वांच्या डोळ्यांसमोर, हातात धरलेली होती. दोन, भाव वाढवणारा खरोखर घेणारा होता. तीन, लिलावाचा शेवट हत्यारात झाला, म्हणजे मेहनतीच्या कमाईत झाला. आजच्या मोबाइलवरील लिलावात पहिली गोष्ट नसतेच, दुसरीची खात्री नसते, आणि तिसरी आपण स्वतःच विसरतो.

घड्याळ कसे चालते ते समजून घ्या

बहुतेक परदेशी लिलाव-संस्थळांवर, त्यांतही १९९५ साली सुरू झालेल्या ईबेवर, बोलीची एक पद्धत आहे. तुम्ही तुमचा कमाल आकडा गुपचूप भरून ठेवता. यंत्र तो सगळा आकडा एकदम दाखवीत नाही. समोरच्याच्या बोलीपेक्षा एक पायरी वर, एवढीच तुमची बोली ते वाढवते. म्हणजे तुम्ही ५०० भरले आणि दुसऱ्याचा कमाल आकडा ३०० असेल तर वस्तू तुम्हाला ३०० च्या थोडी वर मिळते. पद्धत चांगली आहे, पण तिचा फायदा ज्याने कमाल आकडा आधी विचार करून, एकदाच भरला त्यालाच होतो. जो दर पाच मिनिटांनी 'आता फक्त थोडेच वर' असे म्हणत बोटाने आकडा चढवतो, त्याला ही पद्धत वाचवीत नाही.

वेळ संपण्याचेही दोन प्रकार आहेत. ईबेवर वेळ ठरलेली असते. ती संपली की संपली. म्हणून शेवटच्या काही सेकंदांत येऊन बोली मारणारे शिकारी तेथे असतात. जुन्या मोटारींसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रिंग अ ट्रेलर या अमेरिकन संस्थळावर शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जाते. आपल्याकडील सरकारी ई-लिलावांतही अशी मुदतवाढ होते. मुदतवाढ विक्रेत्याच्या हिताची असते. तिच्यात गरम डोक्याचा माणूस जिंकतो व थंड डोक्याचा उठून जातो. आणि उठून जाणारा बहुधा शहाणा ठरतो.

याचे कारण शास्त्रीय आहे. १९७१ साली अमेरिकेतील एका तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी असे दाखवून दिले की, समुद्रातील तेलक्षेत्रांच्या लिलावात जिंकणाऱ्या कंपन्यांना अपेक्षेपेक्षा कमी फायदा होतो. जमिनीखाली किती तेल आहे हे कोणालाच नक्की माहीत नसते. प्रत्येकजण अंदाज बांधतो. आणि ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला असतो, लिलाव त्यालाच मिळतो. याला 'विजेत्याचा शाप' असे नाव पडले. आता रंगाखालचा गंज आणि तेलक्षेत्र यांत फरक तो काय? फोटोतल्या पद्मिनीचा पत्रा किती पोखरला आहे हे दहाही बोलीदारांना माहीत नसते. ज्याने गंज सर्वांत कमी धरला, गाडी त्याच्या दारात येते.

बोली हा खर्चाचा शेवट नव्हे

हिशेब उलटा करावयाचा असतो. गाडी तयार झाल्यावर काय किंमत येईल तेथून सुरुवात करून मागे यावयाचे. एक उदाहरण घेऊ. यातील आकडे बाजारभाव म्हणून नव्हे, रीत दाखवण्यासाठी दिले आहेत.

समजा, एक जुनी फियाट नीट उभी केली तर ४,५०,००० रुपयांना जाईल असा तुमचा प्रामाणिक अंदाज आहे. आता वजाबाकी करा. ट्रेलरवरून आणण्याचे २०,०००. पत्रा, वेल्डिंग व रंग यांचे १,१०,०००. इंजिनाचे बोअर, पिस्टन, हेड वगैरे ६०,०००. ब्रेक, स्टेअरिंग, टायर व वायरिंग ५५,०००. गादीकाम, रबर व क्रोम ४०,०००. कागदपत्रांचे १५,०००. दहा महिने जागा अडली, तिचे भाडे ३०,०००. तुमची व शागिर्दाची मजुरी ६०,०००. उघडल्यावर निघणाऱ्या अनपेक्षित कामासाठी ३०,०००. बेरीज झाली ४,२०,०००. म्हणजे तुमची कमाल बोली ३०,००० रुपये, आणि त्यातही नफा अजून धरलेलाच नाही.

आता पाहा, ही गाडी ८०,००० ला 'मारली' म्हणून मित्रांना मिठाई वाटणारा माणूस पहिल्याच दिवशी ५०,००० च्या घाट्यात बसला आहे. त्याला हे कळत नाही, कारण तो आपली मजुरी आणि जागा हिशेबात धरतच नाही. वर्षाअखेर गाडी विकून साडेचार लाख हातात आले की तो म्हणतो, धंदा झाला. प्रत्यक्षात त्याने दहा महिने जवळजवळ फुकट काम केले. आपली गॅरेजे वर्षानुवर्षे चालतात आणि तरी मालक भाड्याच्या खोलीतून बाहेर पडत नाही, त्याचे एक कारण हा अर्धवट हिशेब आहे.

यात व्याजाचा पैसा आला की दुहेरी नुकसान. क्रेडिट कार्डावर किंवा खाजगी सावकाराकडून पैसा काढून बोली लावली तर गाडी उभी राहण्याआधी व्याज उभे राहते. व्याज निषिद्ध आहे हे आपण मशिदीत ऐकतो आणि बोलीच्या घड्याळासमोर विसरतो. प्रोजेक्ट कार हे महिन्यांचे, कधी वर्षांचे काम आहे. ज्या पैशाला दर महिन्याला तोंड आहे, त्या पैशाने हे काम होत नाही. आणखी एक गोष्ट : विकण्याच्या हेतूने घेतलेली गाडी हा व्यापारी माल आहे. वर्षपूर्तीला जकातीच्या हिशेबात तिची बाजारातील किंमत धरावी लागते. गॅरेजच्या मागे चार गाड्या झाकून ठेवणाऱ्या बंधूंनी हे लक्षात ठेवावे.

कागद नसेल तर गाडी नव्हे, पत्रा घेतला

जुन्या गाडीत इंजिन बदलता येते, कागद बदलता येत नाही. बोलीपूर्वी आरसी बुकावरील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक यांचे स्पष्ट फोटो मागवा आणि प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहा. वाहन पोर्टलवर नोंद निघते का, बँकेचा बोजा आहे का, हेही पाहा. बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५, दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत न्यायची असेल तर ना-हरकतीचा नमुना २८, आणि नेहमीच्या विक्रीत नमुना २९ व ३० लागतात. सार्वजनिक लिलावात घेतलेल्या वाहनासाठी मात्र वेगळा नमुना आहे, तो ३२. ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत त्याद्वारे अर्ज करावा लागतो. आपले अनेक लोक लिलावाची पावती खिशात घालून वर्षभर स्वस्थ बसतात आणि मग आरटीओच्या दारात दलालाचे पाय धरतात.

२०२१ साली केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेले, मूळ स्वरूपात जपलेले, वैयक्तिक वापराचे दुचाकी वा चारचाकी वाहन विंटेज म्हणून नोंदता येते. नवी नोंदणी २०,००० रुपये व दहा वर्षांची, पुढील नोंदणी ५,००० रुपये. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. पण अटी नीट वाचा. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी यात बसत नाही. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नाही; प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. १९७४ साली प्रथम नोंदलेली फियाट २०२४ साली ५० वर्षांची झाली. १९९५ ची पद्मिनी अजून बरीच वर्षे या नियमात बसणार नाही. म्हणून 'विंटेज' हा शब्द जाहिरातीत दिसला की आधी नोंदणीचे वर्ष विचारा. फियाटमध्ये दुसऱ्या जातीचे डिझेल इंजिन बसवलेले असेल तर ती धावेल छान, पण विंटेजच्या भावाने विकली जाणार नाही.

सरकारी लिलावांबद्दलही एक गैरसमज आहे. पूर्वी सरकारी खात्यांच्या जुन्या ॲम्बॅसिडर व जीपगाड्या लिलावात घेऊन आपले लोक त्या पुन्हा उभ्या करीत. १९६४ साली स्थापन झालेल्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावांत भंगार व्यवसायातील अनेक बंधू भाग घेतात. पण १ एप्रिल २०२३ पासून सरकारी खात्यांच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी पुढे चालू राहत नाही, आणि ती वाहने नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांमार्फतच मोडीत काढावी लागतात. म्हणजे अशी ॲम्बॅसिडर पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या आशेने बयाणा भरू नका. प्रत्येक लिलावाच्या अटींत कोण बोली लावू शकतो हे लिहिलेले असते. आपण ते पान सोडून फोटो पाहतो.

परदेशातील सुटा भाग : बसेल का, येईल का?

सुट्या भागांत आपल्या कारागिराला खरी संधी आहे, कारण आपल्या जुन्या गाड्यांचे मूळ परदेशातले आहे. ॲम्बॅसिडर ही मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून आली. स्टँडर्ड हेराल्ड मद्रासला १९६१ पासून बनू लागली. मूळ ट्रायम्फ हेराल्ड ब्रिटनची. महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलिस जीप जोडण्यास प्रारंभ केला. फियाटचे मूळ इटलीचे. त्यामुळे ब्रिटन, इटली व अमेरिकेतील लिलावांत आपल्या कामाचे भाग निघतात.

पण नाव एक म्हणून भाग एक असे समजू नये. इटलीची फियाट डाव्या हाताच्या स्टेअरिंगची, आपली उजव्या हाताची. डॅशबोर्ड, स्टेअरिंग बॉक्स येथे फसगत होते. भारतीय हेराल्डला पुढे चार दारे आली. ब्रिटिश हेराल्ड दोन दारांचीच राहिली. तेव्हा मागचे दार ब्रिटनच्या लिलावात शोधणे व्यर्थ. धाग्याचेही तसेच. फियाटचे बोल्ट मेट्रिक, तर ब्रिटिश व अमेरिकन गाड्यांचे धागे इंची मापाचे.

प्रस्तुत लेखकानेही ही शिक्षा भोगली आहे. न वापरलेला, मूळ पेटीतला फियाटचा स्टेअरिंग बॉक्स परदेशी लिलावात दिसला. फोटोत तो एकटाच टेबलावर ठेवलेला होता. बोली स्वस्तात गेली, तेव्हा आनंद झाला. पेटी उघडली तेव्हा तो डाव्या हाताचा निघाला. विक्रेत्याने खोटे काहीच लिहिले नव्हते. मी विचारले नव्हते. तीस वर्षे या धंद्यात असलेल्या माणसाने एक ओळीचा प्रश्न न विचारता पैसे घालवले, कारण घड्याळात चार मिनिटे उरली होती.

दुसरा प्रश्न आयातीचा. आपल्या परकीय व्यापार धोरणात वापरलेला माल, भांडवली यंत्रसामग्री सोडून, सर्वसाधारणपणे 'निर्बंधित' आहे. म्हणजे परवानगीशिवाय तो मागवता येत नाही. न वापरलेल्या जुन्या साठ्यातील भागाची गोष्ट वेगळी, आणि वापरून काढलेल्या भागाची वेगळी. जुना गिअरबॉक्स लिलावात जिंकून तो कस्टममध्ये अडकला तर दंड, गोदामभाडे आणि मनस्ताप यांत गाडीची किंमत निघून जाते. शिवाय शुल्क केवळ बोलीवर बसत नाही; भाडे व विमा धरून होणाऱ्या किमतीवर बसते, आणि त्यावर एकात्मिक जीएसटी येतो. लोखंडाचा जड भाग असेल तर कित्येकदा भाडेच बोलीपेक्षा अधिक होते. म्हणून बोलीपूर्वी कस्टम एजंटाला एक फोन करावा. फोन स्वस्त पडतो.

आपल्याच हातची खोड

येथवर फसवले जाण्याची गोष्ट झाली. आता फसवण्याची.

घ्यावयाचे नसताना केवळ दुसऱ्याला चढवण्यासाठी बोली वाढवणे, याला शरीअतमध्ये 'नज्श' म्हणतात. प्रेषितांनी (स.) ते निषिद्ध केले, बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत याची नोंद आहे. आज हेच काम दुसऱ्याच्या नावाचे खाते उघडून केले जाते. आपलीच गाडी लिलावात लावायची आणि भावाच्या, मेहुण्याच्या, शागिर्दाच्या मोबाइलवरून तिच्यावर बोली मारायची. काही बंधू याला हुशारी म्हणतात. ही हुशारी नव्हे, चोरी आहे. आणि पकडलीही जाते. २००० साली ईबेवर एका चित्राची बोली अशाच बनावट बोलीदारांनी १ लाख ३५ हजार डॉलरवर नेली. २००१ साली अमेरिकेत त्या प्रकरणी खटले भरले गेले आणि आरोपींपैकी दोघांनी गुन्हा कबूल केला. आपल्या गल्लीत कोणी खटला भरणार नाही, असे मानून चालू नये. आणि समजा नाही भरला, तरी हिशेबाचा दिवस आहेच.

दुसरी खोड 'रिंग' करण्याची. भंगाराच्या लिलावात पाच व्यापारी आधी बसून ठरवतात की एकानेच बोली लावावी, बाकीच्यांनी गप्प राहावे, आणि नंतर आपापसांत माल किंवा पैसा वाटून घ्यावा. कित्येक दीनदार माणसेही हे सहज करतात. नज्शला हराम म्हणणारी जीभ रिंगबद्दल गप्प असते. पण दोन्हींत फरक किती? नज्शमध्ये घेणारा लुबाडला जातो, रिंगमध्ये विकणारा. ज्या विधवेच्या पतीची जुनी गाडी लिलावात निघाली, तिच्या हक्काचे पैसे या पाच जणांनी वाटून घेतले. स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ मध्येही संगनमताच्या बोलीला मनाई आहे.

यावर कोणी म्हणेल की, मग भागीदारीत खरेदीही करू नये काय? अवश्य करावी. दोन गॅरेजवाल्यांनी उघडपणे शिर्कत करून, दोघांचे भांडवल घालून एक बोली लावणे हा व्यापार आहे. एकेकट्याने घेऊ शकणाऱ्या सर्वांनी मिळून विक्रेत्याचा भाव पाडण्यासाठी गप्प बसणे हे संगनमत आहे. दोन्हींच्या सीमेवर शंका असेल तेथे जाणत्या मुफ्तींना विचारावे, पण विचारताना व्यवहार पूर्ण सांगावा, अर्धा नव्हे.

तिसरी खोड दोष झाकण्याची. लिलावात 'जसे आहे, जेथे आहे' असे लिहिले की आपण सर्व जबाबदारीतून सुटलो, असे विक्रेत्याला वाटते. व्यवहाराच्या दृष्टीने अशी अट हनफी फिकहमध्ये मान्य आहे, हे खरे. पण माहीत असलेला दोष लपवणे ही वेगळी गोष्ट आहे. ओले धान्य ढिगाच्या आत दडवून वर कोरडे ठेवणाऱ्या विक्रेत्याला प्रेषितांनी (स.) कोणत्या शब्दांत फटकारले, हे आपणा सर्वांना माहीत आहे. पोखरलेल्या पत्र्यावर लांबी भरून, वर चकचकीत रंग मारून, उन्हात उभी करून फोटो काढणे म्हणजे तोच ओल्या धान्याचा ढीग आहे.

मग करावे काय?

सर्वांनी लिलाव सोडून द्यावा असे म्हणणे नाही. आपल्या हातात जे आहे ते बाजारात उतरवावे, एवढेच म्हणणे आहे.

लाखो रुपयांची बोली लावणारा हौशी गिऱ्हाईक पुण्यात किंवा बंगळुरात बसलेला असतो, आणि गाडी मालेगावात किंवा मिरजेत उभी असते. त्याला गाडी दिसत नाही. आपल्या मिस्त्रीला दिसू शकते. तिथल्या मिस्त्रीने जाऊन दाराखालची पट्टी, फ्लोअर, चासी क्रमांक, कॉम्प्रेशन, सर्व तपासावे. चाळीस फोटो काढावेत. काय चांगले, काय वाईट ते लिहून सहीनिशी द्यावे, आणि त्याची रोख फी घ्यावी. यात भांडवल शून्य, व्याज शून्य, जोखीम शून्य. गाडी त्याने घेतली तर दुरुस्तीचे काम बहुधा त्याच मिस्त्रीकडे येते. आजवर ही पारख आपण चहाच्या कपावर फुकट वाटत आलो. तिचे मोल करावयास शिकले पाहिजे. अट एकच : विक्रेत्याकडून गुपचूप दलाली घेऊ नये. दोन्हीकडून खाणाऱ्याचा अहवाल एकदाच विकला जातो.

ज्यांना स्वतः बोली लावावयाची आहे त्यांनी एक वही ठेवावी. प्रत्येक गाडीसाठी वर दिलेला उलटा हिशेब बोलीच्या आदल्या दिवशी लिहावा, कमाल आकड्याखाली सही करावी, आणि वही घरात किंवा दुकानात दुसऱ्याच्या हाती द्यावी. दुसऱ्या दिवशी त्या आकड्यापुढे एक रुपयाही जाऊ नये. देवाणघेवाण लिहून ठेवण्याची ताकीद सूरह बकरामध्ये किती तपशिलाने आली आहे! आपण उधारी लिहितो. आपली हाव लिहीत नाही. भागीदारी असेल तर कोणाचे भांडवल किती, मेहनत कोणाची, नफा-तोटा कसा वाटायचा, हे गाडी येण्यापूर्वी कागदावर उतरवावे. गाडी आल्यावर भांडण येते.

आणि हरलेल्या लिलावाचा खेद करू नये. जी गाडी तुमच्या आकड्याच्या वर गेली, ती तुमची नव्हतीच. रिज्क देणारा अल्लाह आहे. मोबाइलवरचे घड्याळ नव्हे.

त्या अन्सारी माणसाच्या घरचे कापड व भांडे दोन दिरहमांना गेले, आणि तो कुऱ्हाड घेऊन घरी परतला. आपल्या तरुणाच्या हातात ती कुऱ्हाड आधीपासूनच आहे : हातोडा, वेल्डिंगची बंदूक आणि उस्तादाने दिलेली नजर. ती विकून बोली लावू नका. तिच्या जोरावर बोली लावा, आणि जेथे ती चालत नाही तेथे थांबा. अल्लाह आपणा सर्वांना हलाल कमाईची आणि त्यात बरकतीची तौफीक देवो.